कोकणात विद्यापीठाच्या जुन्या गेस्ट हाउसला पहिल्यांदाच उतरताय? मग हे वाचून निघा

दापोलीला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून बोलावणं आलेलं असतं, कोणाचा पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा असते, कोणी आईवडील पोराला ॲडमिशनला सोडायला निघालेले असतात, आणि पत्राच्या तळाशी एक ओळ असते, "निवासाची व्यवस्था अतिथीगृहात करण्यात येईल." एवढ्या एका ओळीवर माणसं निवांत होतात आणि बॅग भरायला घेतात, गडबड तिथेच होते. गेस्ट हाउस म्हणजे हॉटेल नव्हे हो. तिथे रात्री साडेदहाला फोन करून सँडविच मागवता येत नाही, आणि जास्त पैसे देतो म्हटलं म्हणून खोलीही मिळत नाही. खोली मिळते कामाच्या पत्रावर आणि जेवण मिळतं सकाळी सांगितलं असेल तर. या दोन गोष्टी आधी सांभाळा, बाकीचं तिथली माणसं सांभाळून घेतात, अगदी घरच्यासारखं घेतात.

आधी कुठली वास्तू म्हणतोय ते सांगतो, कारण कोकणात दोन प्रकार आहेत आणि नवीन माणूस हमखास घोळ करतो. एक म्हणजे विद्यापीठाची, कॉलेजची, संशोधन केंद्राची गेस्ट हाउसं. दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, पण त्याचा पसारा फक्त दापोलीत नाही, रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र, कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या कॉलेज, वर कर्जतला भाताचं केंद्र. तेव्हा "विद्यापीठाचं गेस्ट हाउस" एवढंच ऐकून दापोलीचं तिकीट काढू नका, परीक्षा मुळद्याला असेल तर तुम्ही कोकणाच्या भलत्याच टोकाला उतराल. दुसरा प्रकार म्हणजे बांधकाम खात्याची विश्रामगृहं, ज्याला जुनी माणसं अजून डाक बंगला किंवा आयबी (इन्स्पेक्शन बंगला) म्हणतात, त्यातली बरीच इंग्रजांच्या काळातली, जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा. विद्यापीठाचं गेस्ट हाउस फुल असलं की पाहुण्याला तिकडे पाठवतात, म्हणून दोन्हींचं सांगतो.

बुकिंग कसं करायचं

ज्या विभागानं बोलावलंय त्याच विभागाकडून पत्र जाऊ द्या. तुम्ही स्वतः गेस्ट हाउसला फोन लावून "खोली आहे का" विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा "सायबांना विचारा" असंच येतं, आणि ते बरोबरच आहे, कारण खोली द्यायचा अधिकार फोन उचलणाऱ्याकडे नसतो. तुमचं नाव, हुद्दा, कामाचं कारण, येण्याची आणि जाण्याची तारीख-वेळ, सोबत कोण, एवढं लिहून विभागप्रमुखांना मेल करा आणि बोलावणं आलेल्या पत्राची कॉपी जोडा. ते पुढे ज्यांच्या अखत्यारीत गेस्ट हाउस आहे त्यांच्याकडे जातं. मग दोन दिवस आधी, फार आधी नको, गेस्ट हाउसच्या माणसाला फोन करून फक्त एवढंच म्हणायचं, "काका, अमुक विभागाचं पत्र आलंय का तुमच्याकडे?" आलं असेल तर त्यांचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून ठेवा. नसेल आलं तर अजून दोन दिवस हातात आहेत.

सोबत बायको किंवा आईवडील येणार असतील तर ते पत्रातच लिहा. ऐनवेळी तीन माणसं दारात उभी राहिली की दोन कॉटच्या खोलीत गादी टाकायची वेळ येते. बहुतेक ठिकाणी कामावर आलेल्याला एक दर, इतर सरकारी माणसाला दुसरा, खाजगी पाहुण्याला तिसरा अशी रचना असते, तेव्हा कुटुंबाचा दर वेगळा लागला तर वाद घालू नका, तो नियम काउंटरवरच्या माणसानं केलेला नसतो.

सरकारी विश्रामगृहाचं वेगळं. तिथे बांधकाम खात्याच्या उपविभागाकडे अर्ज करायचा, आणि अर्ज मंजूर झाला तरी एक गोष्ट मनात धरूनच जायचं, मंत्र्यांचा किंवा मोठ्या अधिकाऱ्यांचा दौरा लागला की तुमचं आरक्षण रद्द होऊ शकतं, ते तुमच्या पत्रावर छापलेलंही असतं, फक्त आपण ते वाचत नाही. निवडणुका लागल्या की तर विचारूच नका. म्हणून गावातल्या एका साध्या लॉजचा नंबर खिशात ठेवायचा, मोठं काही नको.

आणि कोकणात येताय तर दोन तारखा आधी कॅलेंडरवर बघा, गणपती आणि शिमगा. गणपतीत विद्यापीठ बंद असेल-नसेल, पण स्वयंपाकघरातला माणूस त्याच्या घरी असणार, आणि असायलाच हवा. शिमग्याला पालखी गावात फिरते तेव्हाही तेच. या दिवसांत खोलीची चावी मिळेल पण चहासुद्धा बाहेर जाऊन प्यावा लागेल, शिवाय कोकण रेल्वेचं तिकीट बुकिंग उघडल्या उघडल्या संपलेलं असतं. तारीख बदलून मागता येत असेल तर सरळ मागा, कोकणातला कुठलाही विभागप्रमुख समजून घेतो, त्यालाही घरी जायचं असतं.

पोचायचं कसं

दापोलीला रेल्वे नाही. खेडला उतरायचं, मांडवी आणि कोकणकन्या या दोन्ही एक्सप्रेस गाड्या तिथे थांबतात, स्टेशनवरून रिक्षानं खेडच्या एसटी स्टँडवर जायचं, तिथून दापोलीची लाल परी, साधारण २८-३० किलोमीटर, चढ आणि वळणं. तासाभराचा रस्ता धरा. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा उन्हाळ्यात पाहिलेल्या वेळा जुलैत लावू नका. पुण्याकडून गाडीनं येणाऱ्यांनी पावसाळ्यात वरंध घाटाच्या भरवशावर निघू नका, तो बऱ्याचदा बंद ठेवतात, ताम्हिणीवरून माणगावला उतरलेलं बरं.

शक्यतो उजेडात पोचा. कॅम्पस मोठे असतात, गेटवरून गेस्ट हाउस एक-दीड किलोमीटर आत असू शकतं, आणि रात्री रिक्षावाला गेटपर्यंतच येतो. उशीर होणारच असेल तर आधी घेतलेल्या त्या नंबरवर दुपारीच फोन करायचा, "रात्री नऊ वाजतील, जेवणार आहे." हा फोन रात्री नऊला केलात तर त्याचा उपयोग शून्य.

आल्यावर रजिस्टर

आधार कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र, बोलावण्याचं पत्र, या तिन्हींच्या झेरॉक्स वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. मोबाईलमध्ये आहे म्हणून भागत नाही, रेंज नसते आणि फाईलला कागद लागतो. रजिस्टरमध्ये "येण्याचे कारण" असा रकाना असतो तिथे नीट लिहा, प्रात्यक्षिक परीक्षा, व्हायवा, प्रशिक्षण, जे असेल ते, कारण पुढे तुमचा टीए-डीए, म्हणजे प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता, त्यावर अडतो. आणि पैसे भरले की पावती त्याच वेळी घ्या, नाव, खोली नंबर, तारखा त्यावर आहेत ना बघा. "उद्या जाताना घ्या" म्हणाले तर हो म्हणा, पण संध्याकाळी परत एकदा आठवण करा, कारण सकाळी तुमची बस सहाची असते आणि पावती पुस्तकाचं कपाट दहाला उघडतं.

खोलीत शिरल्यावर

जुन्या बंगल्यात खोली बघायची एक पद्धत आहे. आधी बाथरूममध्ये जा. इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यांत बाथरूमला मागच्या बाजूनं बाहेर उघडणारं एक दार असतं, साफसफाई करणाऱ्या माणसानं घरात पाय न ठेवता मागूनच यावं-जावं म्हणून ते ठेवलेलं, त्या काळच्या शिवाशिवीची ती खूण आहे. आता कोणी वापरत नाही, पण कडी बऱ्याचदा नुसती लोटलेली असते, गंजलेली असते, पूर्ण बसत नाही. ती आतून घट्ट लावा, नाही लागली तर लगेच सांगा. मग गिझरचा दिवा लागतो का बघा. मग खिडक्या, गज ठीक आहेत पण जाळी फाटलेली असली तर संध्याकाळी सहाच्या आत खिडकी बंद करायची, डास त्यानंतर विचारून येत नाहीत. मच्छरदाणीच्या दोऱ्या अडकवायला भिंतीत खिळे असतात, मच्छरदाणी मागितली तर मिळते, न मागता मिळेलच असं नाही.

छत उंच असतं, पंखा लांब दांड्यावर लोंबत असतो, सुरू केला की आधी थोडा करकरतो. घाबरू नका, वर्षानुवर्षं करकरतोय. स्विचबोर्डवर सहा बटणं आणि त्यातली दोन कशाचीच नसतात, ती दाबत बसू नका. जांभ्याच्या भिंती हातभर जाड, त्यामुळे मे महिन्यातही दुपारी आत गारवा असतो, पण त्याच भिंतीमुळे मोबाईलची रेंज आणि वायफाय दोन्ही व्हरांड्यात येऊन मरतात. बोलायचं असेल तर व्हरांड्यात या, फक्त तिथे शेजारच्या खोलीतले सर आरामखुर्चीत बसलेले असणार आणि तुमचं सगळं ऐकणार हे गृहीत धरा.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. गादी, उशी, कपाट, सगळ्याला एक दमट वास असतो, तो अस्वच्छतेचा नाही, हवेचा आहे, त्यावरून त्या माणसांना बोलू नका. स्वतःची एक चादर आणि उशीचा अभ्रा घेऊन गेलात की प्रश्न मिटतो. कपडे कपाटात बंद करू नका, खुर्चीवर पसरा आणि पंखा चालू ठेवा. बुटात रद्दी पेपर कोंबून ठेवा, आणि सकाळी घालायच्या आधी बूट उलटा करून आपटा, विंचू काही रोज निघत नाही पण आपटायला काय जातं. लाईट जाते, कधी तासभर, कधी रात्रभर, झाड पडलं की दोन दिवसही. टॉर्च, पॉवर बँक, आणि परीक्षेची मार्कलिस्ट लॅपटॉपवर असेल तर तिचा एक कागदी प्रिंट, एवढं असू द्या. उलट डिसेंबर-जानेवारीत स्वेटर घ्या, समुद्र जवळ म्हणून लोक नुसते हाफ शर्टात येतात आणि पहाटे कुडकुडतात, दापोलीला उगाच मिनी महाबळेश्वर म्हणत नाहीत, इंग्रजांनी कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी, इथे टाकला तो हवा बघूनच, जुनी माणसं अजून "कॅम्प दापोली" म्हणतात.

जेवण, म्हणजे खरा विषय

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात जायचं. खोलीत बसून बेल वाजवायची नाही, स्वतः जायचं. आत मावशी तांदूळ निवडत असतील, काका पिशवी घेऊन बाजाराला निघण्याच्या बेतात असतील, ते तुमच्याकडे बघून एकच प्रश्न विचारतात, "मासे की साधं?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. "काहीही चालेल" हे उत्तर नाही, त्यानं त्यांची पंचाईत होते. किती माणसं, दुपारी की रात्री की दोन्ही, मासे की साधं, भाकरी की चपाती, एवढं सांगितलं की ते पिशवी उचलतात. हर्णै बंदर दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, तिथे बोटी लागतात आणि लिलाव होतो, तिथला मासा बाजारात येतो, त्या दिवशी काय आलंय त्यावर तुमचं ताट ठरतं. पापलेटच पाहिजे असा हट्ट धरणारा पाहुणा महागात पडतो, स्वतःलाच. "आज काय चांगलं आहे?" असं विचारणारा बांगडा, सौंदाळे, नशीब असेल तर ताजी कोळंबी खातो आणि स्वस्तात खातो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या सुरमईची चौकशी केली तर लोक तुमच्याकडे बघून हसतील. तेव्हा सुका जवळा, सुकट, खाडीतलं काही मिळालं तर ते. आणि खरं सांगायचं तर भर पावसात गरम भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि वर सोलकढी, हे जेवण मला हॉटेलातल्या फिश थाळीपेक्षा केव्हाही जास्त आवडतं. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, वेगळी भांडी पाहिजे असतील तर तेही संकोच न करता सांगा, फणसाची भाजी, आमटी, तांदळाची भाकरी, मस्त होतं. सोमवार, संकष्टी, श्रावण यात बऱ्याच ठिकाणी मासे शिजवतच नाहीत, त्यावर चर्चा नको.

जेवायला सांगून बाहेर जेवून येणं, हे सगळ्यात वाईट. दापोलीजवळच्या मुरुडला समुद्रावर गेलात, तिथे खाल्लंत, रात्री येऊन "नको आता" म्हणालात, तर झाकून ठेवलेलं ताट तुमच्यासमोर टेबलावर असतं आणि मावशी काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा मात्र उशिरा येतो. बेत बदलला तर चारच्या आत फोन करा, आणि पैसे तरीही द्या.

कॅम्पसवर वागायचं कसं

झाडाला हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये गेस्ट हाउसच्या आजूबाजूला आंबे लटकलेले दिसतात आणि पाहुण्यांमधलं लहान मूल जागं होतं. पण ही शेतकऱ्याची वाडी नाही, प्रयोगाची झाडं आहेत. फांदीला ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा छोटा टॅग असतो, त्यावर नंबर, तारीख. टॅग आहे म्हणजे तिथे कोणाची तरी पीएचडी लटकलेली आहे. ते पोरगं रोज येऊन फळं मोजतं, तुम्ही एक तोडलात की त्याच्या तक्त्यात एक फळ गळालं. आंबा खायचा असेल तर विकत घ्या, मागा, कोणी नाही म्हणत नाही. आणि विद्यापीठानं तयार केलेला रत्ना आंबा, नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ सालचा, तो मिळाला तर जरूर खाऊन बघा, हापूसवाले नाकं मुरडतात पण फळ चांगलं आहे. कलमं न्यायची असतील तर विक्री केंद्रावर आधी चौकशी करून ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी घ्या, वेंगुर्ला जातींचे काजू, कोकण अमृता कोकम, जे उपलब्ध असेल ते. बसमध्ये कलम मांडीवर घेऊन बसावं लागतं हे लक्षात ठेवून किती घ्यायची ते ठरवा.

ओले कपडे पुढच्या व्हरांड्यात वाळत घालू नका, मागे दोरी असते. आवारात दारू नको, नियमच आहे, आणि नियम नसता तरी शेजारच्या खोलीत उद्या तुमच्यासोबत परीक्षा घेणारे दुसरे परीक्षक असतात. गेट रात्री कधी बंद होतं ते विचारून घ्या. विद्यार्थी भेटायला आले तर त्यांना खोलीत नेऊ नका, बाहेर बसून बोला, परीक्षक असाल तर तेवढंही टाळा.

काम करणाऱ्यांना काका, मामा, मावशी म्हणा, "ए शुक शुक" नको. गप्पा सुरू करायच्या असतील तर दापोलीच्या मोठ्या माणसांचा विषय काढा. महर्षी कर्वे मुरुडचे, पां. वा. काणे दापोलीत शिकलेले, बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणाची काही वर्षं इथली, एका तालुक्याशी तीन भारतरत्नांचं नातं आहे आणि प्रत्येक दापोलीकराला ते तोंडपाठ असतं. मग चहा दुसऱ्यांदा येतो.

भुताचं विचाराल तर, होय, सांगतील. जुना बंगला आणि साहेबाचं भूत ही जोडी सगळीकडे आहे. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचा फॅकल्टी क्लब आहे, १९०२ सालचा, मोठा लाकडी हॉल आणि पाहुण्यांना उतरायच्या खोल्या, तिथे इतिहासाचे प्राध्यापक हेन्री मोर्स स्टीफन्स कित्येक वर्षं राहिले, १९१९ मध्ये वारले, आणि २१९ नंबरच्या खोलीत ते अजून दिसतात असं तिथली मंडळी सांगतात. हे स्टीफन्स गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कचे अभ्यासक, म्हणजे भूत असलंच तर आपल्या किनाऱ्याची माहिती असलेलं. कोकणातल्या बंगल्यात रात्री कौलांवर धावपळ ऐकू आली तर ती मात्र बहुतेक वेळा मांजराची किंवा उदमांजराची असते, उठून बघायची गरज नाही.

निघताना

आदल्या रात्रीच हिशोब करा, जेवणाचा वेगळा असतो, खोलीचा वेगळा, आणि जेवणाचे पैसे बऱ्याचदा स्वयंपाक करणाऱ्यांच्याच हातात द्यायचे असतात, सुट्टे ठेवा, ऑनलाईन पेमेंट रेंज असेल तर होतं. वरचे काही द्यायचे असतील तर मावशींना वेगळे द्या, नाहीतर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. गिझर, पंखा, दिवे बंद, मागच्या दाराची कडी लावलेली, चावी हातात द्यायची, टेबलावर ठेवून जायचं नाही. अभिप्राय वही समोर ठेवली तर दोन ओळी खरंच लिहा आणि जाळी फाटली आहे हेही लिहा, दुरुस्तीची मागणी करायला त्यांना तोच कागद लागतो.

खेडहून गाडी असेल तर दापोलीतून दोन तास आधी निघा, पावसात अडीच. पहाटेच्या एसटीनं जाणार असाल तर रात्रीच सांगून ठेवा, चहा मिळतो, कोणी कोणी पोहेही करून देतात. वळणावळणाच्या रस्त्यानं ज्यांना मळमळतं त्यांनी नुसता चहा घ्यावा आणि पोहे डब्यात मागून घ्यावेत, खेड स्टेशनच्या बाकावर बसून खायला गाडी येईपर्यंत वेळ असतोच.